मास्तराचा वाढदिवस

आमच्या ह्यांचे वर्षाला दोन वाढदिवस यायचे. एक खरा आणि एक मास्तराचा. खऱ्या वाढदिवसाला मी पुरणपोळी करायचे, मास्तराच्या वाढदिवसाला बँकेचा मेसेज यायचा. या दोन्हींच्या मध्ये जो महिना-सव्वा महिना असायचा, त्यानंच आमचा घात केला. लोक म्हणतात, झालं ते झालं, विसरा आता. लोकांचं काय जातं म्हणायला.

ह्यांचं गाव हातकणंगल्याच्या पलीकडं. घरी कुणी लिहिणारं-वाचणारं नव्हतं. पण जन्माचा दिवस सासूबाईंच्या पक्का ध्यानात होता. त्या सांगायच्या, "बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झालं बघ ह्ये. बैलांच्या शिंगाचा रंग सुदीक वाळला न्हवता." बेंदूर म्हणजे आमच्याकडचा आषाढातला बैलपोळा. त्यामुळं घरात वाढदिवस व्हायचा तो बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशीच्याच पुरणाच्या पोळ्यांवर. ह्यांचा एक नेमही होता. जे काही नवीन करायचं, ते त्या दिवशी करायचं. स्कूटर त्या दिवशी आणली, घराचा पाया त्या दिवशी खणला, पानतंबाखू सोडली तीसुद्धा त्याच दिवशी. मुहूर्त-बिहूर्त मानत नसत, पण हा एक दिवस मानायचे.

आता मास्तराचा वाढदिवस. हे पाच वर्षांचेही नव्हते, तेव्हा पेरणीच्या दिवसांत सासूबाईंना पोर कुठं ठेवावं कळेना, म्हणून त्या ह्यांना थोरल्या चुलतभावाबरोबर शाळेत घेऊन गेल्या. त्या काळी पोर शाळेत घालण्याएवढं झालंय की नाही हे बघायची एक रीत होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडं घ्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला तर पोर सहा वर्षांचं, नाही लागला तर घरी. ह्यांचे हात जन्माचे लांब. कान नुसता लागला नाही, चांगला मुठीत आला. मास्तर खूश झाले. त्यांनी वय सहा धरलं आणि सगळ्या पोरांना लावायचे तीच तारीख ह्यांनाही लावली, एक जून. अशा रीतीनं ह्यांचं एक वर्ष आणि वर थोडे दिवस पहिल्याच दिवशी शाळेत जमा झाले.

ही गोष्ट हे आल्यागेल्याला सांगायचे, आणि नुसती सांगायचे नाहीत, हात डोक्यावरून घेऊन करून दाखवायचे. पाहुण्यांना दाखवायचे, नातवंडांना दाखवायचे, एकदा तर विहिणीला दाखवलं. मी वीसेक वर्षं बालवाडी चालवली, म्हणून मला टोमणा ठरलेला. "तुझ्याच भाईबंदानं माझं एक वर्ष खाल्लं बघ." सहकारी बँकेत नोकरी झाली, तिथंही कागदावर एक जून. निवृत्त झाले त्या दिवशी हारतुऱ्यांत उभं राहून भाषणात म्हणाले, "मला अजून अठ्ठावन्न झाल्याली न्हाईत, पण मास्तराला झाल्यात." सगळी बँक हसली. घरी आल्यावर मात्र हे गळ्यातला हार न काढताच बसून होते. एका वर्षाची नोकरी गेल्याचं त्यांना मनापासून लागलं होतं.

दर एक जूनला मोबाईलवर बँकेचा शुभेच्छांचा मेसेज यायचा. हे तो मला मोठ्यानं वाचून दाखवायचे, "बघ, मास्तराचा वाढदिवस," असं म्हणायचे आणि पुसून टाकायचे.

निवृत्तांसाठी बँकेनं एक आरोग्य विमा काढून दिलेला होता. तो एवढासाच. डेंग्यू झाला, हात मोडला, तर तेवढ्याला पुरणारा. त्याच्यावर आणखी एक विमा घेता येतो, टॉप-अप म्हणतात त्याला. खालचा संपला की तिथून पुढचं वरचा बघतो. हे आम्हाला कळलं ते ह्यांच्या एका मित्रामुळं. दोघं रोज सकाळी रंकाळ्याला फिरायला जायचे. मित्राचे कबनूरला यंत्रमाग होते. त्याचं बायपास झालं, मग जंतुसंसर्ग झाला, मग आयसीयूत मुक्काम पडला. विमा मधेच संपला आणि मुलानं माग विकले. मित्र वाचला, पण घरी येऊन खाटेवर बसला तो मागाचा आवाज नसलेल्या घरात. हे भेटून आले आणि जेवले नाहीत. म्हणाले, "माझ्यापायी पोरांवर अशी पाळी आणायची न्हाय."

आमच्या गल्लीतच एक विमा एजंट राहतो. पोरगा गोड बोलतो, पण खोटं बोलत नाही. त्याला मी घरी बोलावलं. चहाचा कप हातात घेऊन तो म्हणाला, "काका, पासष्ट पुरी व्हायच्या आत घ्याय पायजे बगा. एकदा आत शिरलासा की मग शंभरीपतोर चालू ठेवा, कोन इचारनार न्हाय. पर नव्यानं शिरायचं दार पासष्टला बंद."

"मग हाय की अजून वरीसभर," हे म्हणाले. "मला आता कुठं चौसष्ट पुरी होत्यात."

"मग काय घाई न्हाय."

मी म्हटलं, "घाई का न्हाय? आजच करून टाका की."

"आगं, माझा वाढदिवस हुंदे. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी जाऊ, दोघांचं संगंच काढू."

मी भांडले. दोनदा भांडले. पण माझं भांडण आळसाशी होतं. तारीख माझ्याही डोक्यात तीच होती, बेंदराची. या घरात दुसरी तारीख कुणी धरलीच नव्हती. ती फक्त हसायला होती.

मध्ये एक जून आला. मेसेज आला. ह्यांनी वाचून दाखवला, हसले आणि पुसला.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी हे पांढरा शर्ट घालून, पुरणपोळी खाऊन निघाले. एजंट, हे आणि मी, असे शाहूपुरीतल्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. टेबलामागं एक तरुण मुलगी होती. तिनं माझं आधार कार्ड बघितलं, तारीख टाकली, ठीक आहे म्हणाली. माझा जन्म कुरुंदवाडच्या दवाखान्यातला, तारीख, वेळ सगळं नोंदलेलं. मग तिनं ह्यांचं कार्ड घेतलं, कॉम्प्युटरमध्ये तारीख टाकली, पुन्हा एकदा टाकून बघितली.

"काका, तुमची पासष्ट पूर्ण झाली आहेत. गेल्या महिन्यात, एक जूनला. ह्याच्यात घेता येणार नाही."

हे हसले. त्यांना वाटलं, आता समजावून सांगितलं की होईल. "म्याडम, ती मास्तराची तारीख हाय. खरी तारीख आज हाय बगा माझी. आज चौसष्ट पुरी झाली."

"आमच्याकडे आधारवरचीच तारीख चालते, काका."

तेव्हा ह्यांनी, त्या भरल्या ऑफिसात, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरून दाखवला. "ह्यो हात असा पोचला म्हणून मास्तरानं सहा लिवलं. हात लांब हाईत माझं. ह्यात माझी काय चूक?" रांगेतली माणसं हसली. ती मुलगीही हसली, वाईट मनानं नाही. एजंट खाली मान घालून उभा होता. हे कान धरून तसेच बघत राहिले, आणि चूक केल्यावर कान धरून उभं केलेल्या पोरासारखे दिसायला लागले. मला इतका राग आला, की कुणाचा आला तेही कळेना. मी त्यांचा हात धरून खाली ओढला.

बाहेर आल्यावर एजंट म्हणाला, "काका, तुमी वरीसभर हाय म्हटलासा म्हणून मी कार्ड बघितलंच न्हाय." ते खरंच होतं. तारीख बदलून घ्यावी, तर त्याच तारखेवर नोकरी केलेली, त्याच तारखेवर सगळे पैसे घेतलेले. बैल गेला आणि झोपा केला, तेही बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. ही म्हण मला त्या दिवशी रिक्षात आठवली आणि मी तोंडावर पदर धरला.

आता म्हणे नियम बदलले, वयाची ती अट काढली. बदलू देत.

एजंट मनाला लावून घेणारा निघाला. त्यानं हिंडून दुसरी एक कंपनी शोधली, ती वयस्कर माणसांनाही टॉप-अप द्यायची. हप्ता जास्त, पण मोठी अडचण ती नव्हती. ह्यांना रक्तदाब होता आणि थोडी साखर. जी दुखणी आधीपासून आहेत, त्यांच्यासाठी पहिली तीन वर्षं काहीच मिळणार नव्हतं.

"आनि नुसतं बीपी न्हवं काका," एजंटनं खुलासा केला. "त्येच्यातनं जे हुतंय, हार्ट, किडनी, लकवा, ते समदं त्येच्यातच धरत्यात. तीन वर्सं तेवढं काय व्हायचं न्हाय, एवढं बगा." आणि तो हसला.

हेही हसले. "व्हऊच देत न्हाय."

पॉलिसी सुरू झाली श्रावणाच्या शेवटाला. मग मी एक वेगळाच माणूस बघितला. तांबडा रस्सा बंद झाला. लोणचं, पापड बंद. रोज रंकाळ्याला पूर्ण फेरी, पावसात छत्री घेऊन. गोळ्या घड्याळाच्या काट्यावर. मला बरं वाटायचं. मी गल्लीतल्या बायकांना सांगायचे, एका अर्थी बरंच झालं, माणूस सुधारला. पहिली दोन वर्षं तर अशी सरळ गेली, की मी देवीला ओटी भरून आले.

तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर हे रंकाळ्याहून उशिरा यायला लागले. विचारलं तर म्हणायचे, बाकावर बसलो होतो, पाणी बघत. ह्यांना पाणी बघायची आवड कधी नव्हती. मग मिरच्या वाळत घालायला गच्चीवर येईनासे झाले. गुडघा म्हणाले. मग उशाला दोन उशा लागायला लागल्या. पित्त म्हणाले. मी आल्याचा रस दिला, सोडा दिला. हे तो पिऊन माझ्यासमोर मुद्दाम मोठ्यानं ढेकर द्यायचे आणि म्हणायचे, "बघ, मोकळं झालं." मला ते ढेकर खरे वाटले.

"डॉक्टरकडं जाऊन येऊ चला," मी म्हटलं, एकदा नाही, अनेकदा.

"श्रावण सरूदे. मग सगळंच तपासून घेऊ. दात पण दाखवायचं हाईत."

मला वाटलं, हे उपासतापासाचं बोलताहेत. श्रावण आमच्या घरी कडक पाळतात. त्या श्रावणाचा दुसरा काही अर्थ असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. एकदा मुलगा पुण्याहून आला होता, तो म्हणाला, "आप्पा, तोंड सुजल्यासारखं वाटतंय." हे त्याच्यावर खेकसले. इतक्या वर्षांत मुलावर असं खेकसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मुलगा त्याच संध्याकाळी परत गेला.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी त्या वर्षी पुरणपोळी अर्धीच खाल्ली. नवीन काही केलं नाही. मी विचारलं, या वेळी काय नवं? म्हणाले, "थांबायचं. एवढा महिना-दीड महिना थांबायचं."

श्रावण संपत आला. एके दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. हातात कागदांची पिशवी होती. दाराची चौकट धरली होती.

"चल."

"कुठं?"

"दवाखान्यात. छातीत दुखतंय."

"आत्ता?"

"दिवाळीपासनं."

लाटणं माझ्या हातातच राहिलं. हे माझ्याकडं बघून हसत होते. होय, हसत होते. परीक्षा संपवून आलेल्या पोराचं असतं तसं ते हसणं होतं. "काल तीन वर्षं पुरी झाली," ते म्हणाले. "आता सगळं मिळतंय. पोरांचा एक रुपाया जाईत न्हाय. व्हऊ दिलं न्हाय बघ मी." आणि तिथंच, चौकटीला टेकून, खाली बसले.

मी त्यांना त्या क्षणी मारलं असतं. खरं सांगते. जिवाच्या आकांतानं मारलं असतं आणि मग मिठी मारली असती. दिवाळीपासून हा माणूस माझ्या शेजारी बसून रात्रीच्या रात्री दुखणं गिळत होता, आणि मी आल्याचा रस करत होते. चोरी करणारा माणूस एकवेळ सापडतो, स्वतःचं दुखणं चोरणारा कसा सापडायचा?

दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता. त्यानं हृदयाच्या सोनोग्राफीचा कागद बराच वेळ बघितला, मग ह्यांना विचारलं, "काका, झटका येऊन गेलाय तुम्हाला. हिवाळ्यातच कधीतरी. नंतर परत एकदा. इतके दिवस काय करत होता?"

"थांबलोतो," हे म्हणाले.

"कशासाठी?"

ह्यांनी पिशवी वर करून दाखवली. डॉक्टरला कळलं नाही. मला सांगावं लागलं. त्यानं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. मग मला बाहेर बोलावून सांगितलं. रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत, त्यावर एरवी बायपास करता आलं असतं. पण एवढे दिवस तसंच ओढल्यामुळं हृदयाचा स्नायूच निकामी झालाय. "जुन्या विजारीचं इलॅस्टिक ढिलं पडतं ना काकू, तसं. आता टेबलावर घेतलं तर तिथंच जातील. दिवाळीत आणलं असतं तर मी आनंदानं केलं असतं."

मी म्हटलं, "पैशाची काळजी करू नका. विमा आहे."

"काकू, प्रश्न पैशाचा नाहीये."

खाली विम्याच्या टेबलावर जो मुलगा बसतो, तो त्याच संध्याकाळी वर आला. त्यानं हसून सांगितलं, "आजी, सगळं मंजूर झालंय. खालची पण, वरची पण. एकदम क्लिअर केस." त्या बिचाऱ्याला काय माहीत. मी त्याला थँक्यू म्हटलं. त्या मंजुरीतून वॉर्डाचं भाडं, औषधं आणि ऑक्सिजन एवढंच गेलं. खालचा विमासुद्धा पुरता संपला नाही. ज्याच्यासाठी हे थांबले, त्या वरच्याला हातसुद्धा लागला नाही.

ह्यांना किती सांगितलं, किती नाही, मला माहीत नाही. डॉक्टर बोलले त्यांच्याशी. त्यानंतर हे काही विचारत नव्हते. मुलगा पुण्याहून आला, पायाशी बसून राहिला. त्याला म्हणाले, "त्या दिवशी बोललो तुला. तू वळखलंतंस म्हणून बोललो." मुलगा उठून बाहेर गेला.

घरी न्यायचं ठरलं त्या दिवशी दुपारी नर्स कागद घेऊन आली. जाताना काहीतरी भरायचं असतं. तिनं विचारलं, "बाबा, वय किती?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुठलं सांगू गं?"

 नर्स म्हणाली, "म्हंजे?" ती कागलकडची पोर होती, मोकळी. ह्यांना ती आवडायची. तिला गोष्ट सांगायची राहिली होती. मला कळलं, आता हे सांगणार. बेंदूर, शिंगांचा रंग, पेरणी, मास्तर, दम लागत लागत सगळं सांगितलं. ती कागद धरून उभी राहून ऐकत होती. मग हे म्हणाले, "हे बघ, असा," आणि उजवा हात उचलला.

हात डोक्यावर गेला. तिथून पलीकडं उतरेना. त्यांनी मान वाकवली, खांदा ताणला. सुजलेली बोटं टाळूवरच चाचपडत राहिली. लांब हातांचा माणूस हा. कान चार बोटांवर होता, पण तेवढं अंतर तोडायला दम नव्हता.

नर्स म्हणाली, "असूदे बाबा, दमू नगासा."

त्यांनी हात तसाच डोक्यावर ठेवला. माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर तेच हसू होतं, बँकेत हारतुऱ्यांत उभे होते तेव्हाचं.

"पोचत न्हाय गं," ते म्हणाले. "आज मास्तर असता, तर म्हणला असता, घेऊन जा बाई ह्याला. अजून वरीसभर घरीच ठेव."

मी त्यांचा हात धरून हळूच खाली घेतला आणि पांघरुणात घातला. वर्षभर कुठलं, नवरात्र बसायच्या आत गेले.